घरच्या घरी आशियाई धाटणीचे लेट्यूस रॅप: सोलापूरच्या स्वयंपाकघरासाठी पहिल्यापासून कृती

लेट्यूसच्या गार, करकरीत पानात बारीक खिम्याचे किंवा भाज्यांचे गरम सारण घालायचे, पान दुमडायचे आणि हातानेच खायचे, एवढ्यात या पदार्थाचे वर्णन संपते. चीनच्या दक्षिणेकडील ग्वांगडाँग प्रांतात कबुतराचा किंवा लाव्याचा खिमा अशा पानांच्या वाट्यांत वाढण्याची पद्धत आहे. कोरियात भाजलेले मांस, थोडा भात, लसणाची पाकळी आणि आंबवलेल्या सोयाबीनची तिखट चटणी पानात गुंडाळून तो सगळा ऐवज एका घासात तोंडात टाकतात. त्याला स्साम म्हणतात. व्हिएतनाममध्ये तळलेले रोल पुदिन्यासारख्या सुवासिक पानांबरोबर लेट्यूसमध्ये धरून आंबटगोड, खारट पाण्यात बुडवतात, तर थायलंड आणि लाओसमध्ये लिंबू पिळलेला, भाजलेल्या तांदळाची पूड घातलेला लार्ब नावाचा खिमा कच्च्या पानांबरोबर खाल्ला जातो. या लेखातील कृती चिनी पद्धतीच्या जवळची आहे, कारण तिला लागणारे बरेचसे सामान सोलापुरात सहज मिळते आणि जे मिळत नाही त्याची सोय आपल्याच फडताळातल्या डब्यांतून करता येते.

हा पदार्थ बहुतेक वेळा पाण्याने बिघडतो. पानावर राहिलेले पाणी, मशरूममधून सुटलेले पाणी, खिम्याला सुटलेले पाणी, पातळ राहिलेला सॉस, या सगळ्यांचा शेवट एकच होतो: पान मऊ पडते, सारण मनगटावरून ओघळते आणि चवीला पाणचट लागते. म्हणून पान गार आणि कोरडे, सारण गरम आणि सुके, हे दोन मुद्दे संपूर्ण कृतीभर डोळ्यांसमोर ठेवावेत. पुढे सांगितलेल्या बहुतेक पायऱ्या त्यासाठीच आहेत आणि त्यांतली एखादी कंटाळून गाळली, तर ते पहिल्याच घासात कळते.

पान कोणते आणि कधी घ्यावे

रॅपसाठी चार जातींची पाने चालतात. कोबीसारखा गोल गड्डा असणारे आइसबर्ग हे सर्वांत करकरीत असते आणि त्याची पाने आपोआप वाटीसारखी वळलेली असतात, त्यामुळे पहिल्या वेळी तेच घ्यावे. बटरहेडची पाने मऊ, लवचिक आणि गुंडाळायला सोपी असतात, पण ती लवकर मान टाकतात. रोमेनची पाने लांबट असून मधली शीर जाड असते. त्यात सारण होडीत भरल्यासारखे भरता येते, गुंडाळता मात्र येत नाही. झालरीच्या कडांची मोकळी पाने दिसायला देखणी असली, तरी ओले सारण त्यांत टिकत नाही.

लेट्यूस हे थंड हवेचे पीक आहे. तापमान वाढले की झाड पानांचा नाद सोडून फुलाचा दांडा वर काढते आणि पानांत कडवट चीक वाढतो. सोलापूरचा पारा एप्रिल-मे महिन्यांत ४० अंशांपुढे जातो, तेव्हा बाहेरगावाहून आलेला माल वाटेतच दमलेला असतो आणि दुकानात पोहोचेपर्यंत त्याच्या कडा तपकिरी झालेल्या असतात. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ या पदार्थासाठी सर्वांत चांगला समजावा. संक्रांतीच्या सुमारास, गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, पातीचा कांदा, गाजर, नवलकोल आणि कोथिंबीर हे सगळेच बाजारात कोवळे असते. मोठ्या दुकानांच्या शीतकपाटात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले आइसबर्ग मिळू शकते. मंडईत ते हवे असल्यास हॉटेलांना लाल कोबी, ब्रोकोली आणि रंगीत ढोबळी मिरची पुरवणाऱ्या विक्रेत्याला आदल्या दिवशी सांगून ठेवणे सोयीचे पडते, कारण हा माल मागणीप्रमाणेच मागवला जातो.

गड्डा निवडताना आपल्या सवयीविरुद्ध एक गोष्ट करावी लागते. कोबी घेताना आपण दगडासारखा घट्ट गड्डा शोधतो, पण आइसबर्ग तसे घेतले तर पाने एकमेकांत इतकी दाटलेली असतात की सुटी करताना फाटतात. अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबणारा, तरी हातात वजनदार लागणारा गड्डा घ्यावा. बुडखा उलटा करून पाहावा: ताजा काप पांढरट असतो, शिळा लालसर-तपकिरी होतो. बाहेरची दोन पाने मळलेली असली तर हरकत नाही, कारण ती काढूनच टाकायची आहेत.

कच्च्या पाल्याचे जेवण म्हटल्यावर घरातली वडीलधारी मंडळी नाक मुरडतील अशी शंका अनेकांना येते. वास्तविक आपल्या भागात भाकरीबरोबर कच्ची मेथी, पातीचा कांदा, मुळा, करडईची कोवळी पाने सर्रास खाल्ली जातात, आणि शेताच्या बांधावरची पाथरी तर वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने लेट्यूसच्याच कुळातली आहे; देठ मोडल्यावर तिलाही तसाच पांढरा चीक येतो. हे सांगितले की आजीसुद्धा पान उचलून पाहते.

पाने सुटी करणे, धुणे आणि सुकवणे

आइसबर्गची पाने वरून ओढून काढू नयेत. गड्डा बुडख्याकडून ओट्यावर एकदा जोराने आपटावा, म्हणजे आतला दांडा सुटतो आणि तो पिळून उपसता येतो. त्या खड्ड्यात नळाची बारीक धार सोडावी. पाणी पानांच्या मध्ये शिरून ती एकेक करून वर उचलते आणि मग हलक्या हाताने अख्खी सुटतात. बुडख्याजवळचा जाड, पांढरा भाग कात्रीने कापून पानाला तळहाताएवढा गोल आकार द्यावा. मोठ्या गड्ड्यातून ८ ते १० चांगल्या वाट्या निघतात. आतली लहान पाने बारीक चिरून कोशिंबिरीत घालावीत.

धुण्याच्या बाबतीत सोलापूरकरांनी जास्त दक्ष राहावे लागते. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे बहुतेक घरांत पिंपात आणि टाकीत साठवलेलेच पाणी वापरले जाते. शिजवायच्या भाजीला ते चालते, कारण उकळल्यावर जंतू मरतात. हे पान मात्र कच्चेच पोटात जाणार आहे. म्हणून मोठ्या पातेल्यात साध्या पाण्याने दोनदा, पाणी बदलून, प्रत्येक पान सुटे हलवून धुवावे, म्हणजे माती तळाशी बसते. शेवटचे धुणे मात्र पिण्याच्या पाण्यानेच, म्हणजे गाळून उकळून गार केलेल्या किंवा फिल्टरच्या पाण्याने करावे. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवले की सगळे जंतू मरतात हा समज खरा नाही. मिठाच्या पाण्याने आळ्या आणि किडे सुटतात, पण स्वच्छता येते ती पाणी बदलून धुतल्याने. घरात गर्भवती स्त्री, फार लहान मूल किंवा आजारातून उठलेले कोणी असेल, तर त्यांच्यासाठी कच्च्या पानाऐवजी शेवटी सांगितलेले उकडलेल्या कोबीचे पान वापरावे.

धुतलेली पाने बर्फाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवावीत. हे बर्फही पिण्याच्या पाण्याचेच असावे. लेट्यूसमध्ये सुमारे ९५ टक्के पाणी असते आणि ते कमी झाले की पेशी सैल पडून पान लुळे होते. गार पाण्यात पेशी पुन्हा पाणी ओढून ताठ होतात आणि पानाला कर्र असा आवाज येऊ लागतो. कोमेजलेले पानही याने बऱ्याच अंशी सावरते, पण सडू लागलेले सावरत नाही.

यानंतरचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे आहे. पाने चाळणीत पालथी घालून निथळू द्यावीत आणि मग धुतलेल्या, नीळ किंवा सुगंधी द्रव न लावलेल्या सुती पंचावर सुटी पसरून दुसऱ्या पंचाने टिपावीत. ज्या गावाचा टॉवेल देशभर जातो त्या गावात पाणी टिपायला कापडाची वाण पडू नये. फक्त नवा, पहिल्यांदाच धुतलेला टॉवेल घेऊ नये, कारण त्याचे तंतू पानाला चिकटतात. पानाच्या शिरांच्या खोबणीत थेंब लपून राहतात, तिथे कापडाचे टोक फिरवावे. पान उभे धरून झटकल्यावर एकही थेंब पडला नाही, म्हणजे काम झाले. कोरडी पाने कापडात सैल गुंडाळून झाकणाच्या डब्यात घालावीत आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावीत. मागच्या भिंतीला चिकटून डबा ठेवला तर पाने गोठून काचेसारखी पारदर्शक होतात आणि मग ती कशानेही सुधारत नाहीत. पिकलेली केळी किंवा सफरचंदे शेजारी नसावीत, कारण त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानांवर तांबूस ठिपके पडतात. अशी ठेवलेली पाने दोन दिवस चांगली राहतात, त्यामुळे हे काम आदल्या रात्री उरकून घेता येते.

सारणाचे सामान

चौघांच्या जेवणासाठी, म्हणजे साधारण १२ रॅपसाठी, पुढील प्रमाण पुरते. १२ वाट्यांसाठी दोन मध्यम गड्डे घ्यावे लागतात. सारणाला ४०० ग्रॅम चिकनचा बिनहाडांचा खिमा, १५० ग्रॅम मशरूम, एक मध्यम गाजर, एक लहान नवलकोल, पातीच्या कांद्याची एक लहान जुडी, दहा-बारा गावरान लसणाच्या पाकळ्या, दीड इंच आले, दोन हिरव्या मिरच्या आणि दोन मोठे चमचे शेंगदाण्याचे तेल लागते. वरून घालायला अर्धी वाटी भाजून सोललेले शेंगदाणे, मूठभर कोथिंबीर, थोडा पुदिना आणि एक लिंबू असावे. या लेखात मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर आणि लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटर असे समजावे.

खिमा छातीच्या मांसाचा न घेता तंगडीच्या मांसाचा करून मागावा. छातीचे मांस मोठ्या आचेवर चटकन कोरडे आणि भुसभुशीत होते. तंगडीच्या मांसात थोडी चरबी असल्याने ते ओलसर राहते. कातडे काढायला सांगावे. मटणाचा खिमा सोलापुरात सर्वांना प्रिय असला, तरी इथे तो टाळावा असे माझे मत आहे, कारण मटणाची चरबी गार पानाला लागताच थिजते आणि टाळूला चिकटते.

मूळ चिनी कृतीत एक करकरीत पांढरा कंद असतो, ज्याला इंग्रजी नावावरून अनेक जण शिंगाडा समजतात. तो आपला शिंगाडा नव्हे. दोन्ही पाणथळ जागी येतात, पण वनस्पती वेगळ्या आहेत. तो कंद डब्यात बंद मिळतो आणि महाग असतो. त्याचे काम खिम्यात दाताखाली कुरकुरीत तुकडा येऊ देणे एवढेच आहे, आणि ते नवलकोल उत्तम करतो. त्याची साल जाड काढून साबुदाण्यापेक्षा थोडे मोठे तुकडे करावेत. हिवाळ्यात ताजे, कच्चे शिंगाडे मिळाले तर तेही सोलून चालतात.

तिळाच्या तेलाबाबतही असाच घोळ होतो. चिनी पदार्थांना जो खमंग वास असतो तो भाजलेल्या तिळांच्या तेलाचा असतो. आपल्याकडे घाण्यावर मिळणारे तिळाचे तेल कच्च्या तिळांचे असते. ते उत्तम असले तरी तो वास त्याला येत नाही. भाजलेल्या तिळांचे तेल मिळाले तर गॅस बंद केल्यावर एक लहान चमचा घालावे, त्यात फोडणी मात्र करू नये. न मिळाल्यास दोन लहान चमचे तीळ मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजून खलबत्त्यात अर्धवट कुटावेत आणि शेवटी घालावेत. वासात फारसा फरक राहत नाही.

सॉस

चिनी हॉटेलांत या सारणाला होयसिन नावाचा दाट, गोडसर सॉस वापरतात. तो आंबवलेले सोयाबीन, साखर, लसूण आणि मसाले यांचा असतो. घरी त्याच्या जवळ जाणारे मिश्रण असे करावे: दीड मोठा चमचा सोया सॉस, दोन लहान चमचे व्हिनेगर, एक मोठा चमचा बारीक किसलेला गूळ, एक मोठा चमचा अगदी मऊ वाटलेला शेंगदाण्याचा कूट, एक लहान चमचा लाल मिरचीची पेस्ट, दोन ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या आणि दोन मोठे चमचे पाणी. गूळ विरघळेपर्यंत हे हलवावे. त्यात चिमूटभर मसाल्याची पूड घालावी. एक चक्रीफूल, अर्धा इंच दालचिनी, दोन लवंगा आणि अर्धा लहान चमचा बडीशेप कोरडी भाजून कुटली की ती तयार होते आणि उरलेली डबीत महिनाभर राहते. चिनी पंचमसाल्यात जिभेला झिणझिण्या आणणारे सेचुआन मिरे असते. कोकणातले तिरफळ हे त्याचेच जवळचे नातेवाईक आहे, तेव्हा घरात असल्यास त्याची एक साल कुटताना टाकायला हरकत नाही.

वेगळ्या वाटीत एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर दोन मोठे चमचे थंड पाण्यात कालवून ठेवावे. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचे पांढरे सत्त्व. मक्याच्या भाकरीचे पिवळे पीठ इथे उपयोगाचे नाही.

सोया सॉस निरनिराळ्या कंपन्यांचा निरनिराळा खारट असतो, म्हणून सारणात वेगळे मीठ सुरुवातीला घालूच नये. चव पाहून, लागलेच तर शेवटी घालावे. अजिनोमोटोचीही गरज पडत नाही, कारण ज्या घटकाने त्याची चव येते तो सोया सॉसमध्ये आणि मशरूममध्ये मुळातच असतो. चायनीजच्या गाड्यांवरची तेलकट शेजवान चटणी सारणात ढकलण्याचा मोह अनेकांना होतो. तिने पानावर तेलाचा थर चढतो आणि बाकी सगळ्या चवी दबतात. काळ्या मसाल्याचेही तसेच. तिखटाची हौस भागवण्यासाठी पुढे दुसरी वाट सांगितली आहे.

प्रत्यक्ष कृती

१. खिमा धुऊन घेण्याची सवय असेल तर तो धुतल्यावर मोठ्या चाळणीत वीस मिनिटे निथळू द्यावा आणि हाताने दाबून पाणी काढावे. अधिक चांगले म्हणजे खाटकाकडे मांस अख्खे असतानाच स्वच्छ करून मग खिमा करून घ्यावा आणि घरी पुन्हा धुऊ नये. खिम्याला एक लहान चमचा सोया सॉस, अर्धा लहान चमचा कॉर्नफ्लोअर आणि थोडी मिरपूड चोळून पंधरा मिनिटे झाकून ठेवावे. कॉर्नफ्लोअरच्या पातळ आवरणामुळे मांसातला रस आतच राहतो.

२. तेवढ्या वेळात सगळी चिराचिर उरकावी. सर्व तुकडे जवळपास सारख्या आकाराचे, मटारच्या दाण्याहून मोठे नसलेले असावेत. पातीच्या कांद्याचा पांढरा भाग आणि हिरवी पात वेगवेगळी ठेवावी. एकदा कढई तापली की काही मिनिटांत सगळे संपते, मध्येच लसूण सोलायला सवड मिळत नाही.

३. रुंद लोखंडी कढई धूर दिसेपर्यंत तापवून त्यात अर्धा चमचा तेल सोडावे आणि मशरूम टाकावेत. ते आधी पाणी सोडतात, मग ते पाणी आटते आणि शेवटी कडांना बदामी रंग येतो; तिसरी अवस्था येईपर्यंत थांबावे आणि मग ते ताटलीत काढावेत. दुसऱ्या अवस्थेत काढले तर तेच पाणी पुढे पानात उतरते.

४. उरलेल्या तेलातले अर्धे घालून निम्मा खिमा कढईभर पसरावा आणि मिनिटभर त्याला हात लावू नये. घरच्या शेगडीची ज्योत हॉटेलच्या भट्टीइतकी प्रखर नसते; सगळा खिमा एकदम घातला की कढई गार पडते आणि मांस परतले जाण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात शिजते. खालची बाजू तांबूस झाली की उलथन्याच्या कडेने गोळे फोडत परतावे. चार-पाच मिनिटांत पाणी आटून तेल सुटल्याचा चरचर आवाज येतो. हा भाग काढून दुसरा निम्मा तसाच करावा. कुठेही गुलाबी रंग राहता कामा नये. घरात स्वयंपाकाचा तापमापक असेल, तर चिकनचे तापमान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत गेले पाहिजे.

५. त्याच कढईत थोडे तेल घालून आले, लसूण, मिरची आणि कांद्याचा पांढरा भाग अर्धा मिनिट परतावा. लसूण तांबडा होण्याच्या आतच खिमा आणि मशरूम परत घालावेत, सॉसचे मिश्रण ओतावे आणि मोठ्या आचेवर मिनिटभर हलवावे. कॉर्नफ्लोअर तळाशी बसलेले असते, म्हणून वाटी पुन्हा ढवळून मगच ते कढईत ओतावे.

६. सॉस चकचकीत होऊन खिम्याला लपेटू लागला की उलथने कढईच्या तळातून एकदा आरपार ओढावे. उघडी पडलेली वाट तशीच राहिली तर सारण झाले; बाजूने रस वाहत येऊन ती बुजली तर आणखी मिनिटभर परतावे. या एका खुणेवर घड्याळापेक्षा जास्त भरवसा ठेवावा.

७. आता गाजर आणि नवलकोल घालून जेमतेम मिनिटभर हलवावे आणि गॅस बंद करावा. ते शिजवायचे नाहीत, फक्त गरम करायचे आहेत. हिरवी पात आणि कुटलेले तीळ घालून सारण ताटात पसरून ठेवावे. पाच मिनिटांत ते जिभेला सोसेल इतके होते. चुलीवरचे कढत सारण थेट पानात घातले, तर इतक्या कष्टाने ताठ केलेले पान बघता बघता मलूल होते.

वाढणे आणि खाणे

रॅप स्वयंपाकघरात भरून बाहेर आणू नयेत. पानांची थाळी, सारणाचे भांडे, भरड कुटलेले शेंगदाणे, कोथिंबीर-पुदिना, लिंबाच्या फोडी आणि चटणी असे सगळे मध्ये मांडावे आणि ज्याचे त्याने भरून घ्यावे. एका पानात दोन मोठे चमचे सारण पुरे होते. तिसरा चमचा घातला की पान फाटते. सारण पानाच्या मधोमध लांबट ठेवावे, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर पेरावी, लिंबाचे दोन थेंब पिळावेत, खालची कड आत दुमडून दोन्ही बाजू आणाव्यात आणि उघडे तोंड वर धरून खावे. पान पातळ वाटले तर दोन पाने एकात एक ठेवावीत.

तिखटाची सोय इथे करावी. सोलापुरी शेंगाची चटणी, म्हणजे लसूण, जिरे आणि लाल तिखटाबरोबर तेल सुटेपर्यंत कुटलेली, दोन मोठे चमचे घेऊन तिच्यात एक लहान चमचा सोया सॉस, एक लहान चमचा व्हिनेगर, थोडा गूळ आणि तीन-चार चमचे कोमट पाणी कालवावे. आग्नेय आशियात शेंगदाण्याचे जे सॉस करतात त्यांच्याशी हे चांगलेच जुळते, आणि ज्याला जितके तिखट हवे तितके त्याने घ्यावे, मुलांच्या पानात ते जाण्याचे कारण नाही. पाहुण्यांना आधी विचारून घ्यावे, कारण शेंगदाणे, सोयाबीन आणि तीळ या तिन्हींची काहींना ॲलर्जी असते, शिवाय बहुतेक सोया सॉसमध्ये गहूही असतो.

शाकाहारी सारण

श्रावणात किंवा शाकाहारी घरात खिम्याच्या जागी सोयाबीनचा चुरा घेता येतो. १०० ग्रॅम चुरा उकळत्या पाण्यात दहा मिनिटे भिजवावा, दोनदा गार पाण्याने धुवावा म्हणजे त्याचा उग्र वास जातो, आणि मग मुठीत घट्ट पिळावा. पिळून थेंबही येईनासा झाला पाहिजे. मशरूम वाढवून २५० ग्रॅम करावेत, कारण चुऱ्याला स्वतःची चव फारशी नसते. पुढची कृती तीच, मात्र चुरा सॉस शोषतो म्हणून सॉस सव्वापट करावा. पनीर वापरायचे असेल तर ते कुस्करू नये. बारीक तुकडे करून वेगळे परतून शेवटी मिसळावे. मशरूम ज्यांना चालत नाहीत त्यांनी फरसबी आणि कोबी अगदी बारीक चिरून मोठ्या आचेवर परतावा.

उरलेले सारण आणि उन्हाळ्याची सोय

सारण बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि उन्हाळ्यात तासाभरातच फ्रिजमध्ये टाकावे. तिथे ते दोन दिवस टिकते, पण खाताना वाफ येईपर्यंत गरम करावे लागते. सकाळच्या न्याहारीला ते कडक भाकरीवर पसरून, वर कच्चा कांदा घालून खायला फार छान लागते. ज्यांना पान आवडले नाही तेही इथे दुसऱ्यांदा मागतात.

मार्च उजाडला की लेट्यूसच्या मागे न लागता कोबी घ्यावा. इथे मात्र घट्ट गड्डा टाळून सैल, हलका गड्डा निवडावा. बुडख्याभोवती सुरीने खोल चीर देऊन दांडा काढावा आणि अख्खा गड्डा खळखळ उकळत्या, मीठ घातलेल्या पाण्यात बुडवावा. बाहेरची पाने मिनिटभरात सैल होतात, ती चिमट्याने एकेक करून उचलावीत आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावीत. पाण्यात जास्त वेळ राहिली तर ती मऊ पडतात आणि कोबीचा वास सुटतो. मागच्या बाजूची जाड शीर सुरी आडवी धरून तासून काढली की पान न मोडता गुंडाळते. हीच पाने गर्भवती स्त्रियांना आणि लहान मुलांना द्यावीत, फक्त त्यांच्यासाठी ती दीड-दोन मिनिटे जास्त उकळावीत. टिपून कोरडी करण्याचे काम इथेही चुकत नाही, किंबहुना जास्तच करावे लागते, कारण उकडलेले पान पाणी धरून ठेवते.